आकडा जोडलेलं नाव

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत खरेदी विभागात लागले. आमच्याकडे ई-मेलचं खातं माणसाचं नसायचं, टेबलाचं असायचं. खुर्चीवर कोणीही बसो, खातं तेच. कॉम्प्युटर एका थंडगार काचेच्या खोलीत. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं.

दर महिन्याला पासवर्डची मुदत संपायची. नवा दिल्याशिवाय एक पत्र उघडायचं नाही. त्यात शब्दाला आकडा जोडलाच पाहिजे आणि जुना पुन्हा चालणार नाही. मला या कटकटीचा भारी राग. घराचं कुलूप आम्ही वर्षानुवर्षं बदलत नाही, आणि हे यंत्र दर महिन्याला मागे लागणार!

तेव्हा मला पाचवा महिना लागला होता. मुलगी झाली तर ठेवायचं नाव मी मनात ठरवून टाकलं होतं. गावाकडच्या देवीचं जुनं नाव, हल्ली कुणी ठेवत नाही असलं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बारशाआधी नाव फोडू नये, असं आमच्याकडे मानतात. पण यंत्राला कुठे कान असतात? मी ते नाव टाइप केलं आणि पुढे पाच.

पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं की हा पासवर्ड पूर्वी वापरलेला आहे.

मला हसूच आलं. सहा जोडून पाहिला. वापरलेला. सात जोडला. तोही वापरलेला. एसीच्या गारठ्यात मानेवर घाम फुटला. आठ जोडला, आणि पडदा मुकाट्यानं उघडला.

सिस्टिम बघणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मॅडम. मशिनला माणूस कळत नाही. त्या खात्यावर आधी जे टाकलंय ते लक्षात ठेवतं. तुमच्या आधीच्या मॅडमनी टाकलं असेल."

आधीच्या मॅडमबद्दल मला कोणी चकार शब्द बोललं नव्हतं. मी तडक टेलिफोन ऑपरेटर मावशींकडे गेले. त्या बेलापूर गावच्या, कंपनीत सगळ्यांत जुन्या. मी विचारलं तशी त्यांची नजर आधी माझ्या पोटावर गेली.

"पोटुशीला असलं सांगत नाय आमी."

"सांगा मावशी. नाहीतर मला झोप लागायची नाही."

"ती पन तुज्याच बाजूची, साताऱ्याची. सातवा भरला नि पोर पोटातच गेली. मंग ती परत आलीच नाय."

पुढचा महिनाभर रोज सकाळी मला तो आठ टाइप करावा लागला. मुदत संपली तेव्हा मी ते नाव सोडून भलताच शब्द दिला. माझा स्वतःचा आठवा तर मी जीव मुठीत धरून काढला. बाळ जरा वेळ हललं नाही, की हातातलं काम टाकून पोटावर हात ठेवून बसायची.

मुलगी झाली, चांगली धडधाकट. बारशाला नणंद पाळण्याशी वाकली, मला हळूच म्हणाली, "वहिनी, नाव सांग ना आता." मी दुसरंच सांगितलं. ते नाव आधीच कुणाचं तरी होतं.

रजा संपवून कामावर आले. पासवर्डची मुदत केव्हाच संपलेली, पडदा नवा मागत होता. मी देवीचं ते नाव टाइप केलं आणि पुढे नऊ जोडला. नऊ तिथे कोणीच वापरला नव्हता. पडद्यानं तो घेतला.

त्या आधीच्या मॅडमच्या लेकीचे नऊ महिने भरले, आणि मी त्या गार खोलीत अनवाणी बसून ढसाढसा रडले.