वाटाडे जानूभाऊ

रानात शिरायच्या आधी जानूभाऊ खिशातून एक विडी काढत, ती न पेटवता वाटेकडेच्या शेंदूर लावलेल्या दगडावर ठेवत आणि हात जोडत. तो दगड म्हणजे त्या रानाचा राखणदार. "ज्याचा रान, तेका आधी इचारूक व्हया," असं म्हणून त्या दिवशी ते आमच्याकडे वळले, तेव्हाच मला हा माणूस आवडला.

गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. पेडण्याच्या आमच्या शाळेतल्या शिक्षकांनी मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात एका दिवसाची सहल काढली होती. मी गणिताची बाई. राज्याची भाषा कोकणी की मराठी, यावरून बसमध्ये निम्मी मंडळी उजव्या खिडकीकडे तोंड करून बसलेली, निम्मी डाव्या. उतरल्यावरही तो वाद चालूच. जानूभाऊ शांतपणे म्हणाले, "रानाक दोनूय भासो कळतत. बडबड तेवडी सोसत नाय." आमचे हेडमास्तरसुद्धा गप्प झाले. त्यांना गप्प बसलेलं मी तोवर फक्त जेवताना पाहिलं होतं.

जानूभाऊ मूळचे दोडामार्गाकडचे. उमेदीची वर्षं डिचोलीच्या खाणीत गेली. "थंय डोंगर फोडलंय, हंय राखतंय. फिटंफाट," असं सांगत. अंगातला खाकी शर्ट एक माप मोठा, पाय मात्र त्या वाटेच्याच मापाचे. उद्यानाच्या साहेबांनी त्यांना वाटाड्या म्हणून महिनाभर पारखायला ठेवलं होतं. तक्रार आली नाही तर कायम, आली तर पुन्हा गवत कापायच्या रोजंदारीवर. हेही त्यांनीच चालता चालता सांगितलं, आज ऊन बरं आहे म्हणावं तसं.

त्यांचा एक नियम होता. "रानात कोणाक नावान साद घालूची नाय. रान ता नाव शिकता, मगे तांच साद घालता. नावान साद इली तर ओ देव नकात. मी कू घातलंय तरच कू घालूची." हेडमास्तर हसले. मी मात्र आयुष्यभर नियम शिकवत आलेली बाई, मी तो मनात पक्का लिहून घेतला.

दुपारी उंडे पाव आणि पातळभाजी खाऊन निघालो. वर फांदीवर एक शेकरू शेपटी सोडून बसलं होतं, ते बघत मी मागे राहिले. वाट जिथे फुटते तिथे मी नको त्या फाट्याला लागले आणि एका ओहोळापाशी पोचले. वाट चुकल्यावर जागचं हलू नये एवढी अक्कल होती, म्हणून दगडावर बसले. थोड्याच वेळात जवळूनच हेडमास्तरांचा आवाज आला, "कुंदाबाई, अहो कुंदाबाई!" आवाज ओळखीचा, नाव माझं. मी ओ दिली नाही. त्यांनी सात-आठदा हाका मारल्या, मी ढिम्म. बिचारे घाबरून दुसरीकडे धावले. अर्ध्या तासाने लांबून "कूऽ" ऐकू आली, तेव्हा मी अशी काही कू घातली की झाडावरची वानरं पळाली.

जानूभाऊ घामाने निथळत आले. माझ्याकडे बघितलं आणि आधी खालीच बसले. "बाय, माजी चूक. फाट्यार मी उबो रवाक व्हयो होतंय," एवढंच बोलले.

हेडमास्तरांनी परतताना कचेरीतल्या शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'वाटाड्या बेजबाबदार.' जानूभाऊंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला वाचायला लावलं आणि म्हणाले, "बरोबर लिवलानी." मला रडू आलं. मी खाली लिहिलं, 'मी एकटी होते, पण घाबरले नाही. हा माणूस येणार हे मला ठाऊक होतं.'

पुढच्या वर्षी शाळेतल्या मुलींना घेऊन गेले, तर दारात जानूभाऊच, कायम झालेले. माझ्या दोन ओळींनी नोकरी वाचवली म्हणून मी मनातून फुगले. कचेरीतल्या कारकुनाला तसं म्हटलंही. तो हसला. "साहेबांनी वही उघडलीच नाही, बाई. तुमची बस सुटली आणि हा सरळ आत गेला. म्हणाला, आज माज्याकडसून एक बाय चुकली. साहेबांनी विचारलं, मग तुला ठेवू की नको? तर म्हणतो, ठेवा नायतर काडा, पण आठ दीस माका त्या वाटेन एकट्याक जाव देवा. ती खंय चुकली तां माका बघूचा आसा."

आणि आठ दिवस तो माणूस रोज त्या फाट्यावर गेला होता. शेकरू बसतं त्या झाडाखाली माझ्यासारखं वर बघत उभा राहिला होता.

मी वीस वर्षं मुलांच्या वह्यांत चुकलेल्या गणितांवर तांबडी फुली मारत आले होते. मूल नेमकं कुठल्या पायरीवर चुकलं, ते बघायला मी एकदाही त्याच्या वाटेने गेले नव्हते.