चिमटा न लावलेला कपॅसिटर

वाशीच्या खाडीकाठी आमचा कॅम्प पडला तेव्हा पूल होऊन थोडीच वर्षं झाली होती. आजूबाजूला मिठागरं, चिखल, तिवरं. मी फौजेत नाईक. वायरलेस सेट दुरुस्त करायचो. शाळा चौथी. पण युनिटात माझ्यासारखं सोल्डरिंग कोणाचं नव्हतं, हे मी तेव्हाही बोलायचो, आजही बोलतो.

सिव्हिलियन माणसाला सांगायचं तर फिल्म कपॅसिटर म्हणजे प्लास्टिकची केसाहून पातळ पट्टी आणि धातूची पट्टी, एकत्र गुंडाळलेली. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलणार, ऐकणार, त्यात तिचा हात असतो. ओल शिरली की ती बिघडते. व्होल्टेज जास्त झालं की भोक पडतं. आणि सोल्डर मारताना तापली तर आतून आकसते. बाहेरून काही दिसत नाही. गार असताना सेट बरोबर चालतो, तापला की फ्रिक्वेन्सी सरकते. म्हणून तारेला चिमटा लावायचा, उष्णता चिमटा खातो. आणि दुरुस्तीनंतर सेट एक तास चालू ठेवून बघायचा. हा नियम.

एक्सरसाइजच्या, म्हणजे सरावाच्या दिवशी सकाळी साडेपाचला काठावरच्या सेटचा, आमच्या अल्फाचा, कपॅसिटर मी बदलला. शेजारी लान्स नाईक बबन म्हात्रे उभा. ऑपरेटर. इथल्याच खाडीकाठच्या गावचा, म्हणून होडीवर त्याची ड्यूटी.

"उस्ताद, चिमटा कुठं हाय?"

"चिमटा शिकाऊ लोकांना. तू तुझी होडी सांभाळ."

"कोर्सला तर सांगतात..."

"तू कोर्स केलास, मी सेट केलेत. चल, नीघ."

हसत गेला. सहाला होडीतून त्याचा आवाज आला.

"अल्फा, मैं ब्रावो. कैसे सुनते हो? ओवर."

"ठीक सुनते हैं. ओवर."

तासभर बघायचं ते मी बघितलं नाही. ओके लिहून सही केली.

दहानंतर तंबू तापला, आतला सेटही. होडी वळणापलीकडं, तिवरांच्या आड. अकरा वीसला ब्रावोचा रिपोर्ट यायचा होता. नुसती खरखर. हाक मारली, उत्तर नाही. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"सेट?"

"एकदम ओके, साब. गाववाला आहे. घरी मासे खाऊन झोपला असेल."

सगळे हसले. रेस्क्यू बोट दहा पावलांवर उभी होती, इंजिन तयार.

बारा दहाला होडी चालवणारा थापा चिखलातून एकटा आला. इंजिन बंद पडलं होतं. ओहोटीनं होडी ओढत नेली, पुलाच्या खांबावर आपटून उलटली.

"बीस मिनट बोलता रहा, साब. किसी ने जवाब नहीं दिया. सेट पीठ पर बंधा था."

तिसऱ्या दिवशी बबन तिवरांत सापडला. खेकड्यांनी चेहरा ठेवला नव्हता. पाठीवर सेटचे पट्टे तसेच आवळलेले होते.

इन्क्वायरी सकाळी सातला. माझा सेट पाच मिनिटं चालवला. गार सेट, छान बोलला. मला विचारलं. मी म्हणालो, "सेट ओके होता, साब." लिहिलं गेलं, ऑपरेटरची चूक, फ्रिक्वेन्सी चुकीची लावली.

त्याच दुपारी मी तो सेट एकट्यानं तासभर चालवला. चाळिसाव्या मिनिटाला सरकला. कपॅसिटर काढला, दुसरा लावला. या वेळी चिमटा लावून. जुना खाडीत फेकला.

बबनची ट्रंक घेऊन त्याच्या घरी मलाच पाठवलं. म्हातारीनं आधी पाणी दिलं. मग विचारलं, "साहेब, माज्या पोराला तो यंत्र चालवाला येत नव्हता का?"

मी म्हणालो, "चुकला तो, आई."

तिनं मान हलवली. पाणी मी सगळं प्यायलो.

म्हातारी गेली. सुभेदारसाहेबही गेले. ड्यूटीवर मेलेल्यांच्या युनिटच्या बोर्डावर बबनचं नाव लागलं नाही. स्वतःच्या चुकीनं मेलेल्याचं लावत नाहीत, असं तेव्हा सांगितलं. मी खांदेश्वरला राहतो, हात अजून स्थिर आहे. त्या हातानं लिहितो. लान्स नाईक बबन म्हात्रे, ऑपरेटर. त्याचा सेट ठीक होता. तो शेवटपर्यंत बोलत होता.