थांबाबाईची पहिली गाडी

रेल्वे फाटकावरच्या बाईला सगळे थांबाबाई म्हणत. दिवसभर तिच्या तोंडी तो एकच शब्द. सायकलवाल्याला थांबा, म्हशीवाल्याला थांबा, घाईला आलेल्या नवरदेवालाही थांबा.

नवरा शिंपी. फाटकाला लागूनच त्याचं दुकान. गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप गुंडाळला, की त्याला हटकून बायकोच्या नोकरीची आठवण यायची. "आमच्या हिचं बरंय. दांडा वर, दांडा खाली. मी तर झोपेत करीन!"

थांबाबाई ऐकून घ्यायची आणि त्याच्या चहात साखर घालायची विसरायची.

उभं आयुष्य तिनं अरुंद रुळांवरच्या त्या छोट्या गाडीला वाट करून दिली, पण गाडीत कधी बसली नव्हती. हसू नका, भानगडच तशी होती. तिनं रजा घेतली, की बदलीचा माणूस यायचा तो सकाळच्या गाडीनं आणि परत जायचा तोही संध्याकाळच्याच गाडीनं. म्हणजे दोन्ही वेळा झेंडा घेऊन उभी कोण? हीच. माहेरची लग्नं, बारशी, सगळी तिनं बसमध्ये धक्के खात गाठली.

आता मार्गाला शंभर वर्षं झाली होती. वाजतगाजत गाडी निघणार आणि त्या फेरीनंतर कायमची बंद होणार, कारण मोठे रूळ यायचे होते. थांबाबाई स्टेशन मास्तरांकडे गेली.

"मास्तर, मला एक जागा द्या."

"अहो बाई, डबे भरलेत! तुम्ही फाटकावर झेंडा धरून उभ्या राहा. फोटो झकास येईल."

"तुमच्या मेव्हणीला जागा आहे म्हणे."

"ती पाहुणी आहे."

"आणि तिच्या कुत्र्याला?"

मास्तरांनी घाईघाईनं फोन उचलला. तो वाजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली बघून थांबाबाई आत शिरली. "अहो, तुम्ही फाटक झोपेत सांभाळाल ना? मग समारंभाच्या दिवशी जागेपणी सांभाळा. बंद मी करून ठेवीन. गाडी गेली की फक्त उघडायचं."

चार जणांसमोर शिंपी कसा नाही म्हणेल? त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "त्यात काय मोठंसं!"

समारंभाच्या दिवशी गळ्यात टेप घालून तो हॅन्डलपाशी छाती काढून उभा राहिला. थांबाबाईनं फाटकाचा दांडा खाली घेतला, कुलूप घातलं. वळणावरून माळांनी लगडलेलं इंजिन धापा टाकत आलं. फोटोवाला सरसावला. आणि थांबाबाईनं लाल झेंडा काढला.

ब्रेक करकरले. बँडवाल्याचा भोंगा दुसऱ्या बँडवाल्याच्या डोक्यात बसला. खिडकीतून मास्तर ओरडले, "काय झालं? रूळ तुटला?"

"रूळ धडधाकट आहे. एक प्रवासी राहिलाय."

"कोण?"

"मी."

"बाई, हा काय पोरखेळ! ड्रायव्हर, चला!"

म्हातारा ड्रायव्हर इतकी वर्षं तिचा हिरवा झेंडा बघून पुढे गेलेला. त्यानं कान खाजवला. "लाल दिसतोय, साहेब. मी बोटभरही हलणार नाही." मग खाली वाकून त्यानं हात पुढे केला. "या वहिनी, माझ्या शेजारी या. डब्यात काय, कुत्री बसतात."

थांबाबाई पदर खोचून इंजिनात चढली आणि तिनं आतूनच हिरवा झेंडा हलवला. गाडी हलली. आपलं फाटक, आपली खोली, दोरीवरची आपलीच चादर, सगळं मागे सरकताना ती प्रथमच बघत होती. 

तेवढ्यात शिंपी हॅन्डल सोडून गाडीबरोबर धावू लागला. फाटकामागे मोटारींची रांग लागलेली, त्यातच पाहुण्यांच्या जेवणाची गाडी, आणि सगळे भोंगे एकदम सुरू.

"अगं, किल्ली! कुलपाची किल्ली!"

थांबाबाईनं कमरेला हात लावला. किल्ली रोजच्या सवयीनं तिथंच लटकत होती. खरंच विसरली होती ती. तिनं किल्ली सोडवून खिडकीबाहेर धरली.

"टाक! टाक ना!" शिंपी टेप सावरत धापा टाकत होता.

ती टाकणारही होती. पण मग तिला त्याचं ते 'झोपेत करीन' आणि त्यापायी केलेले बिनसाखरेचे सगळे चहा आठवले. तिनं हात आत घेतला, किल्ली पुन्हा कमरेला अडकवली आणि गोड आवाजात म्हणाली,

"थांबा!"