फळ्यावरची आई

लालासाहेब गुरुजींनी म्हसवडजवळच्या शाळेत तीस वर्षं निबंध शिकवला. शिकवला कसला, फळ्यावर लिहिला आणि पोरांकडून उतरवून घेतला! 'माझी आई' सगळ्यांची एकच: प्रेमळ, कष्टाळू, पहाटे उठणारी. मेंढपाळाच्या मंगलनं एकदा स्वतःचंच लिहिलं, "आई मेंढरांमागं गेलीय. तिचं घोंगडं उशाला घेते. त्याला मेंढरांचा वास येतो, मग झोप लागते." गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारली. "फळ्यावरचं लिही!"

परवा बायकोच्या, सुलाबाईंच्या, वर्षश्राद्धाला सून म्हणाली, "आवं मामा, आत्तींवर चार ओळी लिवा की." गुरुजींनी लिहिलं: प्रेमळ, कष्टाळू, पहाटे उठणारी. पुढं पेन हलेना. चाळीस वर्षांच्या संसारात सुलाबाईंच्या लुगड्याला कसला वास यायचा, ते काही त्यांना आठवेना.