न्हाव्याची दाढी

"घरात कोण गेलं?" खुर्चीत बसता बसता वकीलसाहेबांनी मला विचारलं.

कुणी गेलं नव्हतं. माझी दाढी वाढली होती, एवढंच. पण न्हाव्याच्या तोंडावर खुंट दिसले की माणसाला सुतकच आठवणार. भवानी पेठेत माझं स्वतःचं सलून, भिंतीला मोठा आरसा, आणि मालक असा! दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मुलाचं लग्न. नवरदेवाची दाढी मी करायची असं ठरलेलं. "या तोंडानं मांडवात येऊ नकोस," साहेब म्हणाले. "नाहीतर मी दुसरा बघतो." त्या घरचं लग्नकार्य हातचं गेलं असतं तर पेठेत माझी काडीची पत राहिली नसती.

तुम्ही म्हणाल, न्हावी असून दाढी करता येईना? तिथंच तर गंमत आहे. आम्ही न्हावी स्वतःची दाढी स्वतः करत नव्हतो. एकमेकांची करायचो. माझी गणूमामा करायचे आणि त्यांची मी. गणूमामा म्हणजे पेठेतले सगळ्यात जुने कारागीर. त्यांचा शब्द आम्हा सगळ्यांना शेवटचा. मला सोडून दुसऱ्या कुणाचा हात त्यांना गालाला चालायचा नाही. आणि याच मामांनी सगळ्यांना बजावलं होतं, की माझ्या दाढीला कुणी हात लावायचा नाही.

कारण सेफ्टी रेझर. कटलरीवाल्या शिवाप्पांनी तो नवीनच दुकानात आणला होता. गिरणीतले बाबूलोक हौसेनं न्यायचे, गाल कापून घ्यायचे आणि भांडत परत यायचे. शिवाप्पा मला म्हणाले, बाबा रे, तू शिकव यांना. मी तो हातात घेतला आणि अक्षरशः वेडा झालो. खाली दांडी, वर दोन चकत्या, मधे कागदासारखं पातळ ब्लेड. धार बाहेर डोकावते ती जेमतेम. वस्तऱ्यासारखं चामोट्यावर, म्हणजे धार लावायच्या चामड्यावर, घासत बसायला नको. दाबायचं नाही, त्याच्या वजनानं तो आपोआप उतरतो. बाबूंच्या गालावर मी असा चालवून दाखवला की बघणारे खूश. ते मामांच्या कानावर गेलं. "आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देतोय ह्यो," मामा म्हणाले. झालं, माझी दाढी बंद.

वकीलसाहेब गेल्यावर मी दुकान बंद केलं आणि शिवाप्पांचा रेझर घेऊन घर गाठलं. इतक्यांना शिकवलं, आता आपल्यालाच शिकवू. साबण लावला, आरसा पुढे घेतला आणि पहिल्याच हाताला कानाखाली कापलं. हात डावीकडे न्यायला जावं तर आरशात तो भलतीकडेच जाई. दुसऱ्यांदा हनुवटी कापली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"लगीन वकिलाकडं हाय का आपल्याकडं बकरं पडायचंय?" ती म्हणाली. मी चिडलो, म्हटलं आरसाच वाकडा आहे. तशी ती हसली. "गिऱ्हाइकाची दाढी करताना तुमी आरशात बघता व्हय?"

अरे, खरंच की! आरसा असतो गिऱ्हाइकासाठी. आमचं काम डाव्या हातावर चालतं. डावं बोट पुढे जाऊन खुंट चाचपतं, कातडी ताणून धरतं, आणि उजवा हात मागून येतो. मी आरसा पालथा घातला. डोळे मिटले. माझाच गाल, पण मनात म्हटलं, गिऱ्हाईक आहे. बोट पुढे, रेझर मागे, सर्र सर्र. शेवटी तोंडावरून हात फिरवला आणि मला इतका आनंद झाला की मी ओला गाल बायकोपुढे धरला. ती लाजून पळाली.

सकाळी कापलेल्या जागी तुरटी फिरवली आणि मांडवात गेलो. नवरदेवाची दाढी केली, साहेबांनी पाठ थोपटली. दुपारी दुकान उघडतोय तोच मामा पेठेतल्या दोघातिघा न्हाव्यांना घेऊन आले. मामांची पांढरी दाढी चांगलीच वाढली होती.

"कुणी केली ही?" त्यांनी माझ्या जबड्यावरून अंगठा फिरवला.

मी म्हटलं, माझी मीच. कुणाचा विश्वास बसेना. मामा म्हणाले, "ह्यो शिकलेला हात हाय. आपली आपल्याला अशी हुत न्हाय." मग ते बरोबरच्यांकडे वळले. तिथंच एकमेकांवर आळ सुरू झाला. काल सांजच्याला तू कुटं हुतास, आणि तू रे कुटं हुतास? माझ्या दुकानात मारामारी व्हायची वेळ आली.

शेवटी मी पुन्हा साबण लावला, आरशाकडे पाठ केली, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर रेझर तोंडभर फिरवला. मामांनी रेझर उचलला, उलटसुलट करून बघितला आणि हळूच ठेवून दिला. मग येऊन माझ्या खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

"हं, कर. पर वस्तऱ्यानं."

बाबूलोकांनी पुढे रेझर भरपूर घेतले. केस कापायला मात्र ते माझ्याचकडे येत राहिले. धंद्यात मी एवढंच शिकलो, की दुसऱ्याची दाढी बंद करण्याआधी आपली कोण करतं ते आठवावं.