हळदीच्या दिवशी उतरलेली शुगर

आबांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि ते मला ‘गणपत’ म्हणत होते. गणपत हा त्यांचा वारलेला भाऊ. मी संतोष, ब्युरोने पाठवलेला केअरटेकर.

बाहेर अंगणात आबांच्या पुतण्याची हळद. डीजेचं टेस्टिंग चालू. दुपारचा दीड. मंगेशशेठ, आबांचा मुलगा, दारातूनच बघून हसले.

"लागली वाटतं म्हाताऱ्याला. हळदीला कोन सुका ऱ्हातो?"

"शेठ, आबा प्यायले नाहीत. मी सकाळपासून इथंच आहे."

"तुला काय म्हाईत? आमचा बापूस देव्हाऱ्यामागं पन बाटली लपवायचा. झोपू दे, उठवू नको."

पूर्णा गावातल्या त्या घरात हा नियमच होता. आबा चढवून आले की खोलीत न्यायचं, दार ओढून घ्यायचं, हाक मारायची नाही. सिरॉसिस झाला, म्हणजे लिव्हर जवळजवळ गेलं, तेव्हा आबांनी दारू सोडली. अकरा महिने थेंब नाही. माझा बिछाना त्यांच्याच खोलीत, म्हणून मला खात्री. घरच्यांची नजर मात्र जुनीच राहिली.

मी किनवटकडचा, आठवीत शाळा सोडलेला. बोट टोचून शुगर बघणं, इन्शुलिनचं पेन लावणं मला ब्युरोच्या सिस्टरने शिकवलं. शेठनी घरात जागा दिली, आपल्या पंगतीला बसवलं. त्या माणसाला ‘तुम्ही चुकताय’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

आणि पहिली चूक माझीच होती. आठला इन्शुलिन, लगेच नाश्ता, असा चार्ट. रोज मी ताट समोर आल्यावरच सुई द्यायचो. त्या दिवशी घाईत आधी सुई दिली. मग घरातल्या काकी म्हणाल्या, "आज निवद दाखवल्याबिगर कुनी खायाचं न्हाय."

आबाही म्हणाले, "थांब रे, पोराची हळद हाय."

नैवेद्याला बारा वाजले. आबांनी दोन घास खाऊन ताट सारलं.

हे सगळं माहीत असूनही दीडला शेठ बोलले म्हणून मी आबांना झोपवून दार ओढून घेतलं. शुगरचं मशीन हाताशी होतं. टोचलं तर आबा जागे होतील, ओरडतील, शेठ येतील, या भीतीने तास घालवला. अडीचला त्यांचा हात उचलला, तो लाकडासारखा खाली पडला. तेव्हा टोचलं. एकोणतीस. शुगर सत्तरच्या खाली गेली तरी धोका असतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी घालायचं नसतं, छातीत जातं. मी ओरडत अंगणात धावलो.

मानकोली नाक्यावर कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं. मशीनवरचा आकडा चढला. आबांनी डोळे उघडले नाहीत.

"डॉक्टर, याला तर शुगर जास्तीची हाय ना?" शेठनी विचारलं.

"जेवल्यावर जास्त. उपाशी राहिले की एकदम कमी. लिव्हर म्हणजे साखरेचं गोदाम. जेवण नसेल तेव्हा तिथून माल निघतो. यांचं गोदाम रिकामं, त्यात इन्शुलिन. बरळायला कधी लागले?"

"दीडला," मी म्हणालो.

"आणि आणलं साडेतीनला?"

"आमाला वाटलं, प्यायलाय," शेठ म्हणाले.

"दारूचा वासही नाही त्यांना."

सहाव्या दिवशी आबा गेले, शुद्धीवर न येताच. भेटायला आलेली माणसं हळू आवाजात म्हणत होती, ‘हळदीला जास्त झाली.’ शेठनी ऐकलं. खोडलं नाही. मी कपात चहा ओतत होतो, मीही गप्प बसलो. अकरा महिने सोडलेली दारू माणूस मेल्यावर पुन्हा त्याच्या नावावर चढवली, आणि त्यात माझाही हात होता.

मला कुणी दोष दिला नाही. उलट शेठनीच वडपे गावात एका घरी काम मिळवून दिलं. "पोरगा इमानी हाय," म्हणाले. त्या उपकाराने अजून मान खाली जाते.

इथल्या आजींचंही लिव्हर तसलंच. ताट समोर आल्याशिवाय मी सुई देत नाही. त्या बरळल्या, तर आधी बोट टोचतो. शिव्या मग खातो.