न गिळलेला घोट

परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात, जिथे पूर्वी सूत रंगवले जाई त्या दगडी इमारतीत, आता बिअर तयार होते. कारखाना लहान, परंतु नाव राखून असलेला. तेथील प्रयोगशाळा नम्रता गमरे सांभाळते. सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण पुरे करून ती येथे आली तेव्हा तिचे काम यीस्ट तपासण्यापुरते होते. काही महिन्यांतच तिच्या नाकाची ख्याती झाली. बिघडू पाहणारी बिअर इतरांना कळण्याआधी तिला वासावरून कळे. मालक माधव राजाध्यक्ष यांनी म्हणूनच तिला चाखणाऱ्यांच्या टेबलावर प्रमुखाच्या खुर्चीत बसवले. कोणती बिअर ग्राहकापुढे जावी आणि कोणती थांबावी, याचा शेवटचा शब्द त्या खुर्चीचा असे. आणि वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या नम्रतेला आपल्या शब्दाला असलेले हे वजन मनापासून प्रिय होते.

तिचे वडील, दौलत गमरे, परळच्याच एका रुग्णालयात औषधे देण्याच्या खिडकीमागे नोकरी करून निवृत्त झालेले. चाळीच्या बुद्धविहारात रविवारची वंदना तेच घेत. दारूपायी चाळीतील कितीतरी घरे त्यांच्या डोळ्यांदेखत बसली होती. त्यामुळे मद्यापासून दूर राहण्याचे पाचवे शील म्हणताना त्यांना कधी आवाज चढवावा लागला नाही. ऐकणाऱ्यांना ते पुरेसे पोहोचत असे. मुलीने ही नोकरी धरली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की काम तपासणीचे आहे ना. ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

त्याच आठवड्यात वंदनेला बसलेली असताना नम्रतेने मनाशी एक निश्चय केला होता. घोट तोंडात घ्यावा लागेल तितका घ्यायचा. गिळायचा मात्र नाही. हे तिने वडिलांनाही सांगितले नाही. सांगणे म्हणजे परवानगी मागितल्यासारखे होईल, असे तिला वाटले.

आता, वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. बिअरची रीत वेगळी आहे. तिचा कडूपणा जिभेच्या मुळाशी आणि गळ्यात उतरतो, म्हणून बिअर पारखणाऱ्याने निदान एक घोट गिळावा असा या धंद्यातील दंडक आहे. नम्रतेने त्यावर तोड काढली. टेबलावर ती स्वतःचा स्टीलचा पेला ठेवी. दोन नमुन्यांच्या मध्ये ती पाणी पिते असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात तोंडातला घोट ती त्या पेल्यात सोडत असे. हलक्या बिअरच्या बाबतीत यामुळे कधी काही अडले नाही. नाक आणि जीभ मिळून तिचा निकाल बरोबरच येत असे. अशी सात वर्षे गेली.

मग माधवरावांनी बार्लीवाइन केली. नावात वाइन असली तरी ही बिअरच. मात्र भरपूर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, घालून केलेली, नेहमीच्या बिअरच्या दुपटीहून अधिक कडक, आणि लाकडी पिंपात महिनोन्महिने मुरवायची. ती थंडगार करून मोठ्या ग्लासातून ढोसायची नसते. लहान ग्लासात ओतून, हाताची ऊब देत, सावकाश घ्यायची असते. माधवरावांचे दोन वर्षांचे मनोरथ त्या पिंपांत होते. बाटल्या भरायच्या की अजून थांबायचे, हे ठरवण्यासाठी एका शुक्रवारी दुपारी टेबल बसले. माधवराव, नम्रता, आणि बिअर शिजवण्याचे काम पाहणारा हितेंद्र.

रंग जुन्या सागवानासारखा होता. नम्रतेने ग्लास तळहातात धरून वास घेतला. काकवी, खारीक, किंचित करपलेली साखर, आणि या सर्वांच्या वर पिकून फुटू आलेल्या फळाचा एक टोकदार वास. तोंडात घोट दाट आणि मऊ लागला. गोडव्याने कडूपणा झाकून टाकला होता. तिने तो पेल्यात सोडला आणि बाटल्या भराव्यात असा अभिप्राय दिला.

हितेंद्र तिच्याकडे पाहत राहिला. “नम्रता, तुला गळ्यात काहीच लागलं नाही? जाळत जातंय यार. वरून कडू इतकं, की मागे खोकल्याचं औषध घेतल्यासारखं वाटतंय.”

माधवरावांनाही तसेच लागले होते. आपल्या प्रमुखाची जीभ आज मंदावली असेल, अशा समजुतीने त्यांनी तिच्या ग्लासात आणखी थोडी ओतली. “पुन्हा घे. सावकाश गिळ, आणि मग सांग.”

नम्रतेने ग्लास उचलला आणि खाली ठेवला. “सर, मी गिळत नाही.”

“आज?”

“कधीच नाही. सात वर्षांत एकही घोट नाही.”

आपला निश्चय, त्यामागचे शील आणि पेल्याची युक्ती, हे सारे तिने थोडक्यात सांगितले. हितेंद्रने पेला वाकवून आत पाहिले. “म्हणजे सात वर्षं आपला माल या भांड्याने पास केला,” तो म्हणाला. कोणी हसले नाही, तोही नाही.

माधवराव रागावले नाहीत, आणि तेच तिला अधिक लागले. शीलाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आधी समजले असते तर आपण मानच दिला असता, असे ते म्हणाले. परंतु आता तिच्या मागच्या प्रत्येक निकालाचा पुन्हा विचार करावा लागणार होता. “प्रमुखाला गिळावं लागेल,” त्यांनी शेवटी सांगितले, “नाहीतर त्या खुर्चीवर मला दुसरं कोणी बसवावं लागेल. सोमवारी सांग.”

रविवारी वंदना आटोपून लोक गेले. दौलतराव विहारात फुलांची तबके पुसत होते. नम्रतेने त्यांना सर्व काही सांगितले. निश्चयही, जो तिने इतकी वर्षे सांगितला नव्हता. त्यांचा हात थांबला.

“म्हणजे तू घेत नव्हतीस?”

“नाही, अण्णा.”

“मी धरून चाललो होतो की कामापुरतं घेत असशील.” त्यांनी तबक खाली ठेवले. “पहिलं वर्ष फार जड गेलं मला. मग म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, आपलं आपण बघेल.”

“मग विचारलं का नाहीत?”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

एकाच खोलीत, एकमेकांना जपण्यासाठी, दोघांनी सात वर्षे एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी झाकून ठेवली होती. अखेर काय करू ते तुम्हीच सांगा, असे ती म्हणाली.

“मी पुढे म्हणतो आणि लोक मागून म्हणतात, एवढंच,” दौलतराव म्हणाले. “शील ज्याचं त्याने घ्यायचं असतं, नमू. तुझं मला घेता येत नाही, आणि सोडवताही येत नाही. पण ते पाण्याचं नाटक कशाला केलंस? पाचवं सांभाळलंस आणि चौथं रोज मोडलंस.”

चौथे शील खोटे न बोलण्याचे. लहानपणापासून पाची शीले ती एका दमात म्हणत आली होती, आणि त्यांतील एक दुसऱ्याच्या आड ठेवून आपण निष्कलंक आहोत असे मानत होती. तिला रडू आले नाही. उलट सोमवारी काय बोलायचे ते तिला तिथेच, सतरंजीची घडी घालताना सुचले.

सोमवारी तिने माधवरावांसमोर सरळ मांडणी केली. गिळणार नाही, हे कायम. मात्र यापुढे ते सर्वांसमोर असेल. कडक बिअर गळ्यातून उतरल्यावर कशी लागते, याचा निकाल तिने देऊ नये. तो हितेंद्रने द्यावा, आणि त्या बिअरसाठी प्रमुखाची खुर्चीही त्यानेच घ्यावी. “पण टेबलावरून मला उठवू नका,” ती म्हणाली. “शुक्रवारी माझं कुठे चुकलं, ते मला शोधायचं आहे.”

माधवरावांनी ग्लास मागवले. आता नम्रतेपुढे एक साधे काचेचे भांडे होते आणि ती त्यात उघडपणे थुंकत होती. पिंपे तीन होती; शुक्रवारचा नमुना तिन्ही मिसळून काढलेला होता. हितेंद्रने प्रत्येकातला घोट गिळून जळजळ कुठे आहे ते सांगायचे, आणि तिने तोच ग्लास हाताच्या उबेत धरून पुन्हा हुंगायचा, असे ठरले. पहिल्या दोन पिंपांत हितेंद्रला जळजळ सौम्य लागली. तिसऱ्याशी त्याने छातीवर हात ठेवला. नम्रतेने तो ग्लास बराच वेळ नाकाशी धरला. ज्याला तिने पिकलेले फळ म्हटले होते, ते ऊब मिळताच फळ राहिले नाही. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखे झाले. पहिल्या दोन ग्लासांतही तो वास होता, पण दबलेला. शुक्रवारी तो तिला लागला होताच. त्याचा पुढे गळ्यात काय अर्थ होतो, तेवढे तिला ठाऊक नव्हते, कारण तिथवर ती कधी गेली नव्हती.

“म्हणजे जाळणारं नाकाला आधीच कळतं?” हितेंद्रने विचारले.

“कळतं. मला आज कळलं. कडूपणाचं मात्र तूच सांगायचं.”

माधवरावांनी बाटल्या भरण्याचे रद्द केले. तिसरे पिंप वेगळे काढले गेले आणि उरलेली दोन हिवाळ्यापर्यंत मुरू द्यायची असे ठरले. हलक्या बिअरसाठी नम्रतेची खुर्ची राहिली. जुन्या निकालांबद्दलची शंका मात्र हळूहळूच फिटली. कित्येक आठवडे माधवराव तिचा प्रत्येक निकाल हितेंद्रकडून पडताळून घेत, आणि तिने ते मुकाट्याने, योग्यच आहे असे मानून, होऊ दिले.

डिसेंबरच्या एका दुपारी टेबल पुन्हा बसले. प्रमुखाच्या खुर्चीत हितेंद्र होता आणि ती त्याच्या शेजारी. “आज तू आधी लिही,” तो म्हणाला, “नाहीतर माझं ऐकून लिहिशील.” नम्रतेने ग्लास हाताच्या उबेत धरला. काकवी होती, खारीक होती, जुन्या लाकडाचा मंद गंध होता. तो टोकदार वास गेला होता. तिने आपल्यापुरते कागदावर चार शब्द लिहिले आणि कागद पालथा ठेवला. हितेंद्रने घोट गिळला आणि डोळे मिटले.

“ऊब आहे, चटका नाही,” तो अखेर म्हणाला. “कडूही आता बसलंय. भरा.”

माधवरावांनी हात लांबवून तिचा कागद उलटा केला, ‘जाळणारा वास आता नाही’ हे त्यावरचे शब्द वाचले, आणि उठून बाटल्या धुवायला सांगण्यासाठी खाली गेले.